उष्टावणानंतरची वाटी

बाळाच्या उष्टावणाची आठवण जपण्यात आपली घरे मोठी तत्पर असतात. मुहूर्त कोणता होता, मामाने कोणती वाटी आणली, खिरीचा पहिला घास कोणाच्या हातचा, हे सारे एखाद्या जुन्या वहीत किंवा निदान आजीच्या स्मरणात हमखास सापडते. चांदीची ती वाटी तर पिढ्यान्‌पिढ्या कपाटात गुंडाळून ठेवलेली असते. परंतु दुसऱ्या दिवसापासून त्या बाळाने काय खाल्ले, ते कोणी केले आणि कसे केले, असे विचारले तर बहुधा उत्तर मिळत नाही. समारंभाला इतिहास लाभतो, रोजच्या वाटीला तो लाभत नाही. वस्तुतः मूल वाढते ते त्या रोजच्या वाटीवर. प्रस्तुत लेखाचा विषय ती रोजची वाटी, म्हणजे घरी केलेला बाळाचा धान्याहार, हा आहे.

ग्रंथांपासून आरंभ करू. आश्वलायन गृह्यसूत्राने अन्नप्राशनाला सहावा महिना सांगितला आहे. सुश्रुतानेही सहाव्या महिन्यात बालकाला हलके व हितकर अन्न द्यावे असे म्हटले आहे. बालचिकित्सेचा स्वतंत्र ग्रंथ म्हणून मान्यता पावलेली काश्यपसंहिता अधिक सावध आहे. ती सहाव्या महिन्यात फलप्राशन आणि दहाव्या महिन्यात अन्नप्राशन सांगते. वाग्भटाने अष्टांगहृदयात अंगावरचे दूध सुटलेल्या बालकासाठी चारोळी, ज्येष्ठमध, मध, लाह्या आणि खडीसाखर यांचा मोदक सांगितला आहे. यातील मधाविषयी पुढे बोलावे लागेल. तूर्त लाह्यांकडे लक्ष द्यावे. कच्चे धान्य बाळाला सोसत नाही, त्यावर आधी काही संस्कार झाला पाहिजे, हे ज्ञान त्या काळी पक्के झालेले होते. आणि महिन्याचा प्रश्न म्हणावा तर जागतिक आरोग्य परिषदेने पहिले सहा महिने केवळ स्तनपान असावे अशी स्पष्ट शिफारस २००१ साली केली. तत्पूर्वी चार ते सहा महिने अशी सैल मर्यादा रूढ होती.

परंतु ग्रंथ लिहिणारे वैद्य जात्यावर बसत नव्हते. धान्यावरचा संस्कार नेमका कसा करायचा हे कसब बायकांच्या हाती होते, आणि ते लिहून ठेवण्याची गरज कोणाला वाटली नाही. सासूने सुनेला, जावेने जावेला, शेजारणीने बाळंतिणीला दाखवावे आणि तिने पाहून शिकावे, अशी ती विद्या होती.

या विद्येचे आपल्याकडील सर्वांत परिचित रूप म्हणजे नाचणीचे सत्त्व. नाचणी मूळची आपली नव्हे. पूर्व आफ्रिकेच्या उंच प्रदेशात ती प्रथम लागवडीखाली आली आणि काही सहस्रकांपूर्वी भारतात पोहोचली. येथे ती डोंगरउतारावरच्या हलक्या जमिनीत, भात जेथे साधत नाही तेथे रुजली. कोकण, मावळ, कोल्हापूरचा पश्चिम भाग, चंदगड, खानापूर हा तिचा मुलूख. गोव्यात तिची नारळाच्या रसातली गोड तिजान होते. गुजरातीत ती नागली, आणि डांगच्या डोंगराळ प्रदेशात तिचे पीक मोठे. त्यामुळे बडोद्याच्या मराठी घरांना ती फारशी परकी झाली नाही. इंदूर-ग्वाल्हेरकडे गेलेल्या घराण्यांची गोष्ट निराळी. होळकर-शिंद्यांच्या मागोमाग अठराव्या शतकात आणि एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी जी कुटुंबे तिकडे स्थिरावली त्यांना माळव्याचा गहू उदंड मिळाला, नाचणी मात्र दुर्मीळ झाली. हैदराबादकडे ज्वारी आणि तांदूळ आले. धान्य बदलले तरी रीत त्या कुटुंबांनी सोबत नेली होती. निवडणे, धुणे, भिजवणे, मोड आणणे किंवा भाजणे, दळणे आणि चाळणे हा क्रम धान्यागणिक थोडा बदलून चालत राहिला. मेतकूट आणि सातूचे पीठ ज्या स्वयंपाकघरात होत असे तेथे हे काम अवघड नव्हते.

येथे ‘सत्त्व’ या शब्दाविषयी एक खुलासा आवश्यक आहे, कारण त्या एका शब्दाखाली दोन भिन्न पदार्थ नांदतात. पहिला गव्हाचा. गहू दोन-तीन दिवस भिजवायचे, वाटायचे, चीक गाळून घ्यायचा, निवळ ओतून द्यायची आणि तळाशी बसलेला साका वाळवायचा. हे सत्त्व पांढरेशुभ्र आणि पचायला हलके, पण त्यात पिष्टाखेरीज फारसे काही उरत नाही. धान्याचे बरेचसे प्रथिन आणि कोंड्यातली लोह-खनिजे चोथ्याबरोबर आणि पाण्याबरोबर निघून जातात. दुसरा प्रकार मोड आणलेल्या नाचणीच्या पिठाचा. त्यात धान्याचा बहुतेक भाग शिल्लक राहतो. पहिला प्रकार दिसायला श्रीमंत, दुसरा करडा आणि गरीब. पण बाळाच्या हिताच्या दृष्टीने तोलले तर पारडे दुसऱ्याचेच जड आहे.

त्याची कृती अशी. नाचणी निवडून, पाखडून, चार-पाच पाण्यांनी धुवायची. तिच्यात माती आणि बारीक खडे फार. रात्रभर भिजवून सकाळी निथळायची आणि ओल्या स्वच्छ फडक्यात सैल पुरचुंडी बांधून ठेवायची. हवामानाप्रमाणे एक ते दोन दिवसांत पांढरे मोड दिसू लागतात. मोड फार लांबू द्यायचे नाहीत. मग पसरून खडखडीत वाळवायची, हातांनी चोळून मोड झाडून टाकायचे, मंद आचेवर वास सुटेपर्यंत हलकेच परतायची, दळायची आणि वस्त्रगाळ करायची. खळ करताना पीठ आधी थंड पाण्यात कालवून घ्यायचे आणि मंदाग्नीवर सतत ढवळत शिजवायचे. उकळत्या पाण्यात पीठ टाकायचे नाही, असा जाणत्या बायकांचा दंडक असे. गुठळ्या होऊ नयेत हे त्याचे सांगितले जाणारे कारण. त्यामागे आणखी एक कारण दडलेले होते, ते उलगडायला विसाव्या शतकाचा उत्तरार्ध यावा लागला.

या विद्येला पहिला धक्का बसला तो एका डब्याने. जर्मन रसायनशास्त्रज्ञ युस्टुस फॉन लीबिग याने १८६५ साली तान्ह्या बाळांसाठी एक आहार प्रसिद्ध केला. त्यात गाईचे दूध, गव्हाचे पीठ, थोडा पोटॅशियम बायकार्बोनेट हा क्षार आणि माल्टचे पीठ, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याचे पीठ, असे घटक होते. मोडांमुळे पिष्टाचे साखरेत रूपांतर होते आणि बाळाला ते पचते, असा त्याचा विचार होता. युरोपातला सर्वांत नामांकित रसायनशास्त्रज्ञ प्रयोगशाळेतून ज्या तत्त्वापाशी पोहोचला ते तत्त्व सह्याद्रीच्या उतारावरच्या घरांत फडक्यात बांधून ठेवलेले होते. पाठोपाठ १८६७ साली स्वित्झर्लंडमधील व्हेवे येथे हेन्री नेस्ले याने दूध, भाजलेल्या गव्हाचे पीठ आणि साखर यांची भुकटी विकायला काढली. लीबिगचा आहार शिजवण्यात खटपट होती; नेस्लेच्या भुकटीला केवळ पाणी लागे. बाजारात सोय जिंकली.

असे डबे साम्राज्याच्या वाटांनी हिंदुस्थानातही आले. १९२४ साली ग्लॅक्सो या दूधभुकटीचा व्यवसाय येथे रीतसर सुरू झाला, आणि पुढे मराठीत गुटगुटीत बाळाला ‘ग्लॅक्सो बेबी’ म्हणण्याची पद्धत पडली. एखादे व्यापारी नाव भाषेत विशेषण होऊन बसावे, यावरून त्याचा प्रभाव कळतो. फॅरेक्स आले, पुढे सेरेलॅक आले. म्हैसूरच्या केंद्रीय अन्नतंत्रज्ञान संशोधन संस्थेने म्हशीच्या दुधापासून बाळांची भुकटी करण्याची रीत बसवली आणि १९६०च्या सुमारास आणंदच्या सहकारी संघाने अमूलचा डबा बाजारात आणला. परदेशी मालाला तो देशी पर्याय होता आणि त्याचा अभिमान वाटणे योग्यच होते. परंतु डबा देशी असो वा विदेशी, घरातली समजूत एकच झाली, की डब्यातले ते शास्त्रीय आणि फडक्यातले ते अडाणी. शिकलेल्या सुनेने डबा मागावा आणि सासूने आपली नाचणी मुकाट्याने मागे ठेवावी, असे अनेक घरांत घडले. सासूची चूक सिद्ध झाली नव्हती. तिच्यापाशी केवळ छापील कागद नव्हता.

डब्याची दुसरी बाजू गरिबांच्या घरात दिसली. जेथे पाणी गढूळ, बाटली उकळायला सरपण नाही आणि डबा महिनाभर पुरवण्यासाठी भुकटी पातळ करावी लागते, तेथे हेच अन्न अतिसाराचे आणि कुपोषणाचे कारण ठरले. डॉ. सिसिली विल्यम्स यांनी १९३९ साली सिंगापूर येथील आपल्या भाषणात अशा दूधविक्रीला थेट खुनाच्या पंक्तीला बसवले. १९७०च्या दशकात या प्रश्नावर जगभर चळवळ झाली, १९८१ साली जागतिक आरोग्य परिषदेने विक्रीविषयक आचारसंहिता संमत केली, आणि भारताने १९९२ साली कायदा करून २००३ साली तो अधिक कडक केला. आज आपल्याकडे दोन वर्षांपर्यंतच्या बाळांच्या अशा अन्नाची जाहिरात करता येत नाही.

आता शास्त्राकडे वळू. गेल्या शतकात ते ज्या वाटेने फिरून आजीच्या पुरचुंडीपाशी आले, ती वाट आपल्याच गावांमधून जाते.

कुन्नूर येथे रॉबर्ट मॅककॅरिसन यांच्या हातून आहारसंशोधनाचा पाया घातला गेला आणि त्यांचे उत्तराधिकारी वॉलेस एक्रॉइड यांनी १९३७ साली भारतीय खाद्यपदार्थांच्या पोषणमूल्यांची पुस्तिका प्रसिद्ध केली. ही संस्था १९५८ साली हैदराबादला आली आणि १९६९ साली तिला राष्ट्रीय पोषण संस्था हे नाव मिळाले. डॉ. सी. गोपालन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७१ साली सिद्ध केलेल्या कोष्टकांत शंभर ग्रॅम नाचणीत ३४४ मिलिग्रॅम कॅल्शियम नोंदले आहे. सडलेल्या तांदळात ते १० आणि गव्हाच्या कणकेत ४८. नाचणीने हाडे बळकट होतात या म्हणण्याला आकडा मिळाला.

त्याच काळात जगभर असे मानले जात होते की गरीब देशांतील मुलांच्या आहारात मुख्य उणीव प्रथिनांची आहे. म्हणून दुधाची भुकटी, माशांचे पीठ, तेलबियांची पेंड यांपासून प्रथिनयुक्त पदार्थ करून वाटावेत. या मताला आव्हान देणाऱ्यांत एक मराठी संख्याशास्त्रज्ञ अग्रभागी होते. सातारा जिल्ह्यातील बुध गावचे डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत दीर्घकाळ संख्याशास्त्र विभागाचे प्रमुख होते. भारतातील आहार-पाहण्यांचे आकडे तपासून १९७०च्या सुमारास त्यांनी दाखवले की धान्य आणि डाळ यांच्या साध्या जेवणात, ते पोटभर मिळाले तर, प्रथिनांची गरज बहुतेक भागते. केवळ प्रथिने कमी पण अन्न पुरेसे, अशी माणसे थोडी. खरी उणीव एकूण अन्नाची आहे. सुखात्मे यांच्या इतर काही निष्कर्षांवर पुढे मोठा वाद झाला, परंतु हा मुद्दा टिकला. त्याचा व्यवहारी अर्थ असा की बाळासाठी दुर्मीळ पदार्थ शोधण्यापेक्षा घरातले धान्य आणि डाळ त्याच्या पोटात पुरेशी जाईल हे पाहावे. राष्ट्रीय पोषण संस्थेने कुपोषित मुलांसाठी सुचवलेले ‘हैदराबाद मिश्रण’ याच विचाराचे: भाजलेला गहू ४० ग्रॅम, हरभरा १६, शेंगदाणे १० आणि गूळ २०. एवढ्यातून सुमारे ३३० उष्मांक आणि ११ ग्रॅमहून अधिक प्रथिने मिळतात. सातूचे पीठ करणाऱ्या कोणत्याही घराला हे प्रमाण अपरिचित वाटणार नाही.

मात्र ‘पुरेसे’ या शब्दातच अडचण होती. बाळाचे पोट लहान. पिठाची खळ दाट केली तर ती चिकट होते आणि बाळाला गिळवत नाही. आईने पाणी घालून पातळ केली तर वाटीभर खळीत पाणीच अधिक. बाळाचे पोट भरते आणि ते उपाशी राहते. हा पेच बडोद्याला सुटला. महाराजा सयाजीराव विश्वविद्यालय १९४९ साली स्थापन झाले आणि पहिल्या कुलगुरू हंसाबेन मेहता यांच्या कारकिर्दीत तेथे गृहविज्ञानाचे शिक्षण सुरू झाले. याच विश्वविद्यालयाच्या आहारशास्त्र विभागात प्रा. तारा गोपालदास आणि त्यांच्या विद्यार्थिनींनी १९८०च्या दशकात मोड आणलेल्या धान्याच्या पिठाचे प्रयोग केले. शिजवलेल्या दाट खळीत हे पीठ अगदी थोडे, चमचा-दीड चमचा, मिसळले की काही मिनिटांत ती खळ पातळ होते, आणि तिच्यातले अन्न मात्र तेवढेच राहते. मोड येताना धान्यात अमायलेज नावाचे विकर तयार होते. ते पिष्टाच्या लांब साखळ्या तोडते आणि चिकटपणा नाहीसा होतो. हे विकर कोमट ते बऱ्यापैकी गरम खळीत जोमाने काम करते आणि उकळीला निकामी होते. थंड पाण्यात कालवून मंद आचेवर चढवलेल्या सत्त्वाला ते काम करायला अवधी मिळतो. उकळत्या पाण्यात टाकलेल्या सत्त्वाला मिळत नाही. हलकेच परतावे, करपवू नये, या सूचनेलाही तोच आधार आहे.

योगायोग असा की जवळपास त्याच वर्षांत टांझानियातील संशोधक ‘किमेआ’ या मोडाच्या पिठाने हेच साधत होते. १९८३ साली त्यांचे काम प्रसिद्ध झाले. नाचणी ज्या पूर्व आफ्रिकेतून आपल्याकडे आली, तेथील बायकांनाही मोडाच्या पिठाचा गुण ठाऊक होता.

याचा अर्थ जुने ते सारे सोने असा घेऊ नये. आपल्या आज्यांच्या पद्धतींत दोषही होते आणि ते सांगितलेच पाहिजेत. वाग्भटाच्या मोदकातला, तसेच गुटीबरोबर चाटवला जाणारा मध एक वर्षाच्या आतील बाळाला देऊ नये. त्यातील जंतुबीजांमुळे क्वचित पण घातक विषबाधा होते. खळीत गूळ, साखर, मीठ घालण्याची सवयही पहिल्या वर्षात टाळावी असे आजचे शास्त्र सांगते. तीन-चार महिन्यांच्या बाळाला खळ चाटवण्याची घाई अपायकारकच होती. उलट, कित्येक घरांत वर्ष उलटले तरी बाळ निव्वळ पेजेवर ठेवले जाई. आणि नुसती नाचणी कितीही गुणाची असली तरी पुरी पडत नाही. सहाव्या महिन्यानंतर बाळाची जन्मजात लोहाची शिदोरी संपत येते. त्याला डाळ, भाजी, तूप आणि ज्या घरी चालते तेथे अंडे, मासे, हळूहळू मिळाले पाहिजेत.

तीच गोष्ट सध्याच्या ‘अख्ख्या धान्या’च्या आग्रहाची. कोंड्यासकट खाणे मोठ्यांना हितकर आहे, म्हणून बाळालाही सगळा कोंडा द्यावा असे नव्हे. नाचणीच्या तांबड्या सालीतील टॅनिन आणि फायटेट ही द्रव्ये लोह व कॅल्शियम अडवून धरतात. मोड आणल्याने फायटेट कमी होते, आणि कपड्यातून गाळल्याने सालीचा भरड भाग निघतो. आपल्या बायकांनी धान्य अख्खे घेतले, मोड आणून सौम्य केले आणि वस्त्रगाळ करून बाळाजोगे केले. गव्हाचा निव्वळ साका आणि कोंड्यासकट भरड यांच्या मधली ही वाट होती, आणि ती विचाराने काढलेली होती. बाळ आठ-नऊ महिन्यांचे झाले की चाळण जाड करायची, हेही त्याच विचारात बसते.

२०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचे वर्ष म्हणून पाळले आणि नाचणीला अचानक प्रतिष्ठा आली. मोड आणलेल्या नाचणीचे पीठ आता सुबक पाकिटांत मिळते. २०२४च्या एप्रिलमध्ये पब्लिक आय या स्विस संस्थेने असे उघड केले की नेस्ले कंपनीच्या भारतात विकल्या जाणाऱ्या बाळांच्या धान्याहारात वरून घातलेली साखर आढळते, तर युरोपातील तशाच मालात ती नसते. कंपनीने आपण साखरेचे प्रमाण टप्प्याटप्प्याने कमी केल्याचे सांगितले. वाद कोणत्याही बाजूने सुटो, एक गोष्ट निर्विवाद आहे: घरच्या वाटीत काय पडले हे करणाऱ्याला ठाऊक असते.

ज्या आईला सकाळी आठला घराबाहेर पडायचे आहे तिने तीन दिवस नाचणी वाळवत बसावे, असा उपदेश करण्याचा अधिकार आपणांस नाही. हे काम पूर्वी अनेक हातांनी होत असे, आणि ते हात आता एका घरात नाहीत. उरलेल्या हातांनी ते वाटून घेतले तर महिन्यातून एकदा दोन वाट्या नाचणी भिजवणे आजोबांनाही जमण्यासारखे आहे. आणखी एक काम आपल्यासारख्या, मूळ प्रदेशापासून दूर वसलेल्या घराण्यांनी करण्याजोगे आहे. इंदूरच्या घरात नाचणीच्या जागी काय आले, बेळगावात चाळण केव्हा बदलत, गोव्यात पहिली तिजान कितव्या महिन्यात देत, बडोद्यात नागलीबरोबर कोणती डाळ भाजत, हे सांगू शकणाऱ्या ऐंशी-नव्वदीच्या बायका आज आपल्यात आहेत. त्यांच्याजवळ बसून प्रमाण, वेळ आणि कारण यांसह ते लिहून घ्यावे. उष्टावणाची तारीख ज्या वहीत आहे त्याच वहीत, पुढच्या पानावर.